पायावरची सूज आणि वजनाचा काटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संध्याकाळच्या दवाखान्यात रोज निदान एक पेशंट असा येतो, की जो खुर्चीत नीट टेकायच्या आधीच साडीचा काठ किंवा पॅंट जरा वर करतो आणि म्हणतो, "डॉक्टर, हे बघा." मोज्याच्या इलॅस्टिकचा वण खोल उमटलेला असतो. पैंजण रुतलेलं असतं. सकाळी सहज पायात गेलेल्या चपलेचा पट्टा संध्याकाळी लागत नाही. आणि पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "वजन वाढलंय ना, त्यामुळेच असणार. त्यासाठी एखादी पावडर सुरू करू का?"

आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या वाक्याबद्दल. कारण त्यातला पहिला अर्धा भाग दर वेळी पेशंटच्याच तोंडून येतो असं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी तो मीच एका पेशंटला ऐकवला होता.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. तेव्हा त्यांचं वय बावन्न. पहाटे पाचपासून ओट्याशी उभ्या, दिवसाला दोन-अडीचशे पोळ्या. अंगाने भारी, पाच-सहा वर्षांचा मधुमेह, गोळ्या चालू. गुडघा दुखतो म्हणून आल्या होत्या, उठता उठता पाय दाखवला. बाहेर बाकावर गर्दी होती. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, "काकू, वजन कमी करा, सूज आपोआप जाईल." एवढंच. पायाला हातही लावला नाही.

काकू सांगितलेलं ऐकणाऱ्या. त्यांच्या भिशीत एक बाई वजन उतरवण्याचं पॅकेज विकायच्या. सकाळी जेवणाऐवजी शेक, दुपारी दोन कॅप्सूल, रात्री काढ्याची पुडी. महिन्याला साडेतीन हजार रुपये. पहिल्या दहा दिवसांत तीन किलो उतरले, काकू खूश. दुसऱ्या महिन्यात काटा पुन्हा वर. पायाची सूज घोट्यावरून पोटरीपर्यंत आली. विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, काढा दोन वेळा घ्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसायला लागले आणि बोटातली अंगठी निघेना, तेव्हा मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि मी केसपेपर लिहून संपवला तरी तो भरला नव्हता. त्यांची गोष्ट शेवटी पुरी करतो. आधी हा खड्डा कसला, ते सांगायला हवं.

आपल्या रक्तातलं पाणी शरीरभर केसाएवढ्या बारीक नळ्यांच्या भिंतींतून सारखं बाहेर झिरपत असतं आणि बरंचसं परत आत येत असतं. हा हिशोब कसा जुळतो, ते अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलं. नळीतला दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत धरून ठेवतात. जे बाहेर उरतं ते रसवाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. पायाला जास्त त्रास, कारण तो सगळ्यांत खाली. उभं राहिलं की पावलापासून छातीपर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचा सगळा भार घोट्यापाशी. ते रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. उभं राहून पोळ्या लाटणाऱ्याची, फळ्यापाशी उभ्या शिक्षकाची, दुकानातल्या सेल्समनची पोटरी पिळली जातच नाही. बसमध्ये रात्रभर पाय लोंबकळत ठेवून प्रवास केला की सकाळी बूट घट्ट होतात, तेही याच कारणाने.

आता या हिशोबात चूक कुठेही होऊ शकते. हृदय थकलं की मागे दाब साठतो. शिरांच्या झडपा निकामी झाल्या तरी तेच. मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागली, यकृताने ती बनवणं कमी केलं किंवा माणूस खरोखरच कुपोषित असला, तर पाणी आत धरून ठेवणारंच कोणी उरत नाही. रसवाहिन्या तुंबल्या तर हत्तीरोगासारखी अवस्था होते. आपल्याकडे विदर्भातल्या गावांना हा रोग चांगलाच माहीत आहे आणि त्याच्या गोळ्या २००४ पासून घरोघर वाटल्या गेल्या आहेत. कधी दोष औषधाचा असतो. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन ही गोळी लाखो लोक घेतात, चांगली आणि स्वस्त आहे, पण काहींचे घोटे तिने सुजतात. तिथे लघवीची गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही, डोस कमी करावा लागतो किंवा गोळी बदलावी लागते. अर्थात ते ठरवायचं डॉक्टरांनी; मनानेच गोळी बंद करून उद्या अर्धांगाचा झटका ओढवून घेऊ नका. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्यांमध्ये मिसळलेली स्टेरॉइड्स, हेही शरीरात पाणी साठवतात.

म्हणजे सूज हा रोग नाही, खूण आहे. ती घरच्या घरी थोडीफार वाचता येते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा. खड्डा पडला तर पाणी आहे. खड्डा पडत नाही, दोन्ही पाय कंबरेपासून घोट्यापर्यंत सारखे जाड आहेत, दाबलं की दुखतात, पण पावलं मात्र बारीक आहेत, असं असेल तर ती बहुधा सूज नसून चरबीची एक वेगळीच ठेवण असते. तिला लिपेडिमा म्हणतात. हा विकार जवळजवळ फक्त बायकांना होतो, आणि पोट, चेहरा, दंड उतरले तरी हे पाय त्या मानाने उतरत नाहीत. अशा कितीतरी बायका वर्षानुवर्षं स्वतःला खादाड म्हणवून घेत उपाशी राहिल्या आहेत.

एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आडवं पडल्यावर दम लागतो, दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, तर हृदय. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला न मोडणारा फेस असेल, तर मूत्रपिंड. गरोदर बाईच्या घोट्यावर थोडी सूज नेहमीचीच, पण चेहरा-हात सुजले, डोकं दुखायला लागलं तर रक्तदाब लगेच बघायला हवा.

आता आहाराकडे येतो, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असणार.

खाण्यामुळे पाय सुजतात का? सुजतात, आणि कधी कधी भयंकर. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत शेकडो लोकांचे पाय सुजले, दम लागायला लागला. साठाहून जास्त माणसं दगावली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होती. पिवळा धोत्रा म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतं ते काटेरी पानांचं, पिवळ्या फुलांचं झाड. त्याचं तेल बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं. दुसरं उदाहरण बेरीबेरीचं. अतिपॉलिशचा तांदूळ आणि त्याच्याबरोबर फारसं काही नाही, असा आहार असला की बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि हृदय थकून पाय सुजतात. असे पाय बी-१ दिल्यावर काही दिवसांत उतरतात. म्हणजे आहाराने सूज जाते ती कधी? जेव्हा ती आहारातल्या दोषाने आलेली असते तेव्हा.

आपल्या रोजच्या ताटातला असा दोष एकच मोठा आहे, मीठ. हिशोब अगदी सोपा आहे. हॉस्पिटलात लावतात त्या एक लिटर सलाईनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं, आणि शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही साधारण तेवढाच. म्हणजे नऊ ग्रॅम जादा मीठ शरीरात अडकलं तर ते आपल्याबरोबर एक लिटर पाणी अडकवून ठेवणार, काट्यावर एक किलो. धडधाकट मूत्रपिंड हे मीठ एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. थकलेलं हृदय किंवा आजारी मूत्रपिंड असलेल्याला ते जमत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचं सगळं धरून. आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो.

पेशंट म्हणतात, "वरून मीठ घेतच नाही हो." खरं असतं ते. पण पापड, लोणचं, सांडगी मिरची, फरसाण, बेकरीचा पाव, खारी, सुके बोंबील, पाकिटातलं सूप, नूडल्स? पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं. उपवासाच्या दिवशी तर साबुदाणा खिचडी, बटाट्याचा चिवडा, तळलेले पापड, सगळंच खारट. सैंधव घेतलं म्हणजे सुटका झाली असंही नाही, तेही मीठच, बहुतेक सगळं सोडियम क्लोराइड. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चांगलं, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्याने विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मीठ कमी केल्यावर पहिले पंधरा दिवस भाजी गवतासारखी लागते. महिनाभराने जीभ सरावते आणि मग हॉटेलातली भाजी खारट लागायला लागते. लिंबू, कोथिंबीर, जिरं, लसूण मदतीला घ्या. आयुर्वेदातही शोथाच्या रोग्याला मीठ वर्ज्य सांगितलं आहे. पुनर्नव्याच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणणारे नेमकं तेवढं पथ्य विसरतात.

बाकी ज्या गोष्टी लोक सोडतात, भात, दही, आंबट, त्यांचा सुजेशी फारसा संबंध नाही. पाणी कमी प्यायचं का? हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही पेशंटांना आम्ही माप ठरवून देतो. इतरांनी तहान मारू नये.

आता वजन. वजनाचा आणि सुजेचा काहीच संबंध नाही असं मला म्हणायचं नाही. पोटाचा घेर वाढला की पायाकडून वर येणाऱ्या शिरांवर दाब पडतो, चालणं कमी होतं, पोटरी आळसावते. अशा माणसाने वर्षभरात सात-आठ किलो उतरवले तर संध्याकाळची सूज नक्की कमी होते. पण ते दहा दिवसांत होत नाही, आणि दहा दिवसांत जे होतं ते काय असतं, हे काकूंच्या तीन किलोंवरून बघू.

एक किलो चरबी जाळायची तर सुमारे ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात. तीन किलोंना तेवीस हजार. काकूंचा दिवसाचा एकूण खर्च दोन हजारांच्या आसपास धरू. दहा दिवस काहीही न खाता नुसत्या पाण्यावर राहिल्या असत्या, तरी वीस हजारच जळल्या असत्या! मग तीन किलो गेले कुठे? आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. जेवण तोडलं की हा साठा संपतो, पाणी लघवीवाटे जातं. वर त्या काढ्यात सोनामुखी होती, म्हणजे जुलाब. उतरलं ते बहुतांशी पाणी. पुन्हा पोळी-भात खाल्ला की ते परत येणार, आणि खूप दिवसांच्या उपासानंतर एकदम खायला लागलं तर मूत्रपिंड मीठही धरून ठेवतं आणि पाय उलट जास्त सुजतात. लघवीच्या गोळ्या आपल्या मनाने घेणाऱ्यांचंही हेच होतं. गोळी थांबवली की शरीर दुप्पट जोमाने पाणी धरतं, माणूस पुन्हा गोळी घेतो. मधल्या मध्ये पोटॅशियम उतरून पायात गोळे येतात ते वेगळंच.

आणि त्या डब्यात काय असतं? लेबल वाचून सगळं कळेलच असं नाही. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही बंद झालं. तरीही 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये ते पुढेही वारंवार सापडत राहिलं आहे. आपल्या कोकमाच्याच कुळातलं एक फळ आहे, त्याचा अर्क गार्सिनिया या नावाने विकतात. तो घेऊन यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. आमसुलाच्या सारात आणि एकवटलेल्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये फरक आहे, हे सारप्रेमींच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

तिसरं नाव ज्येष्ठमधाचं. घसा बसला म्हणून काडी चघळायला काहीच हरकत नाही. पण हॉलंडमधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी १९४६ मध्ये लिहिलं, की पोटातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क घेणाऱ्या काही पेशंटांच्या अंगावर सूज येते. आता कारण कळलं आहे. त्यातला गोड अंश मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतो आणि पोटॅशियम घालवतो. काकूंच्या पुडीवर घटकांमध्ये सोनामुखीच्या खालचं नाव ज्येष्ठमधाचं होतं, आणि पुडी दिवसातून दोनदा. सूज उतरावी म्हणून घेतलेल्या काढ्यानेच ती चढायला हातभार लावला असणार.

हे सगळं कायद्याला माहीत नाही असं नाही. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. कोणत्या रोगांवर इलाज करतो अशी जाहिरात करायची नाही, त्याची यादी त्याला जोडली आहे. तिच्यात स्थूलपणा आहे, आणि शरीरात पाणी साठणंही आहे. पूरक आहाराच्या डब्यावर तर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापावीच लागते. म्हणूनच भिशीत तोंडी सांगितलं जातं. तोंडी बोलणं कोण पकडणार? वजनासाठी खरी औषधं आता आहेत. २०२५ मध्ये भारतात आलेली आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं नीट तपासलेली आहेत, पण तीही चिठ्ठीवरची औषधं, आणि पायावरच्या सुजेचं कारण शोधण्याऐवजी घ्यायची नव्हेत.

उभं राहण्याने येणाऱ्या सुजेला मात्र घरचे उपाय पुरतात. दर तासाला चवड्यावर वीस-पंचवीस वेळा वर-खाली होणं, संध्याकाळी पाय छातीपेक्षा उंच ठेवून अर्धा तास पडणं, रोज चालणं. पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे चांगले काम करतात, ते सकाळी अंथरुणातच चढवायचे; पण पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर त्यांनी नुकसान होतं, तेव्हा पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय ते आणू नका.

काकूंच्या लघवीत प्रथिनं चार प्लस निघाली. मधुमेहाने मूत्रपिंड गळायला लागलं होतं. ही तपासणी आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये चहा-नाश्त्याच्या पैशांत होते, आणि ती मी तीन महिने आधीच सांगायला हवी होती. तेव्हा मूत्रपिंडाची स्थिती काय होती, आता कोण सांगणार? शेकच्या डब्यांचे दहा-साडेदहा हजार गेले ते गेलेच. मी त्यांना आणि मुलाला समोर बसवून चूक माझी होती असं सांगितलं. मुलगा काही बोलला नाही. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, आता काय खायचं नाही तेवढं सांगा."

शेक, कॅप्सूल, काढा बंद झाले. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंड जपणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, वेदनाशामक गोळी बंद झाली, तज्ज्ञांना दाखवलं. प्रथिनांचं प्रमाण त्यांनी ठरवून दिलं. तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरले, सगळं पाणी, आणि या वेळी ते काय उतरतंय हे काकूंना माहीत होतं. मूत्रपिंड पहिल्यासारखं झालेलं नाही, पण गेली काही वर्षं आहे तिथे टिकून आहे. ओट्याशी त्यांनी उंच स्टूल करून घेतलं आहे, अर्ध्या पोळ्या बसून लाटतात. घरच्या कणकेत मीठ नाही. गिऱ्हाइकांच्याही भाजीत त्यांनी हळूहळू मीठ कमी केलं, दोघा-तिघांनी कुरकुर केली, तर त्यांच्या डब्यात मिठाची वेगळी पुडी जाते.

माझ्या टेबलाशेजारी आता एक बुटकं लाकडी स्टूल असतं. पेशंटने पाय दाखवला की तो आधी त्याच्यावर ठेवायला लावतो.